मधल्या फळीवर अडलेली सुधारणा

शाळांच्या सुधारणेबद्दल महाराष्ट्रात बोलणे निघाले की ते दोन टोकांना जाऊन थांबते. एका टोकाला मंत्रालय: नवा शासन निर्णय, नवे ॲप, नवी चाचणी. दुसऱ्या टोकाला एखादा जिद्दी शिक्षक, ज्याने आडवळणाच्या वस्तीवरची शाळा पालटून टाकली आणि ज्याचा फोटो रविवारच्या पुरवणीत आला. 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले, तेव्हा या दुसऱ्या टोकाच्या कौतुकाला उधाण आले. डिसले यांनी 10 लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण त्यांच्या मनाचा मोठेपणा वाखाणला आणि पुढच्या आदर्श शिक्षकाच्या शोधाला लागलो. हे काम वाटून घ्यायचे असते, एवढा साधा अर्थ त्या कृतीतून कुणी फारसा काढला नाही.

मंत्रालय आणि वर्ग यांच्यामध्ये माणसांची एक लांब रांग आहे. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. बाजूला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, तिचे अधिव्याख्याते, आणि गट साधन केंद्रातले विषयतज्ज्ञ. राज्यात सर्व व्यवस्थापनांच्या मिळून लाखाहून अधिक शाळा आहेत, त्यांतल्या 60 हजारांहून जास्त सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. एवढ्या शाळांपर्यंत कोणताही सचिव स्वतः पोचू शकत नाही आणि कोणताही आदर्श शिक्षक आपली शाळा सोडून शेजारच्या दहा शाळा सुधारू शकत नाही. जे काही पोचते ते या रांगेतून पोचते, नाहीतर तिथेच अडकते. गेल्या साठ वर्षांत आपण या मधल्या फळीशी कसे वागलो, हा माझ्या लेखी शालेय सुधारणेतला मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर फारसे भूषणावह नाही.

प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आले ते 1961 च्या कायद्याने. 1 मे 1962 पासून परिषदा कामाला लागल्या. गावाच्या शाळेवर जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींची मालकी आली आणि शिक्षक स्थानिक राजकारणाच्या आवाक्यातही आला. त्यानंतर लगेचच, 1964 ते 1966 या काळात, कोठारी आयोगाचे काम चालले. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली. एक माध्यमिक शाळा, तिच्या परिसरातल्या उच्च प्राथमिक शाळा, त्यांच्या भोवतालच्या लहान प्राथमिक शाळा यांनी मिळून एक गट करायचा. साहित्य, प्रयोगशाळा, अनुभवी शिक्षक सगळ्यांनी वापरायचे. नवे काही करून पाहायचे तर ते गटाने ठरवायचे आणि खात्याने त्याला तेवढी मोकळीक द्यायची. एकेकटी पडलेली शाळा सुधारत नाही, हे आयोगाने ओळखले होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा-संकुले पुन्हा आली. ही कल्पना कोठारी आयोगाचीच आहे आणि बहुतांशी ती अमलात आली नाही, अशी कबुलीही त्या धोरणात आहे. चोपन्न वर्षांनी तीच शिफारस नव्याने करावी लागली.

महाराष्ट्राने मात्र मध्यंतरी या दिशेने एक खरे पाऊल टाकले होते. 1994 मध्ये केंद्र शाळांची योजना आली. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, अशी राज्यभर 4,860 केंद्रे ठरली. केंद्रप्रमुखाने आळीपाळीने शाळांना भेटी द्यायच्या, वर्गात बसायचे, स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. महिन्यातून एकदा केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरवायची आणि तिथे अडचणी मांडायच्या. याच सुमारास औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे सर्व शिक्षा अभियानातून गट साधन केंद्रे उभी राहिली. कागदावरची ही रचना आजही देशातल्या कुठल्याही राज्याने हेवा करावा अशी आहे.

या रचनेतून काय निघू शकते ते पाहायचे तर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटकडे जावे लागते. बीट म्हणजे काही केंद्रे मिळून झालेला विस्तार अधिकाऱ्याचा टापू. कुमठे बीटात चाळीसेक जिल्हा परिषद शाळा. 2012 च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलायला सुरुवात केली. पहिली-दुसरीची मुले गटागटाने बसू लागली. मणी, काड्या, अंकपट्ट्या, शब्दपट्ट्या घेऊन ती स्वतः मांडामांड करू लागली. एक मूल दशक-एकक करत असताना शेजारचे मूल शब्दांपासून वाक्य जुळवत असे, आणि दोघांचेही बरोबर चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक असे. छडी आणि सामुदायिक घोकंपट्टी या दोन्ही गोष्टी वर्गाबाहेर गेल्या.

इथे नोंदवण्याजोगी गोष्ट पद्धतीपेक्षा वेगळी आहे. ज्ञानरचनावाद काही कुमठ्यात जन्मला नव्हता. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तो होता. त्याच्याही आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, पुढे अनुताई आणि रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने, आणि त्याच सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मुलाच्या शिकण्याच्या चालीने जाणारी शाळा करून दाखवली होती. पण ही कामे बहुतांशी स्वयंसेवी संस्थांची होती. सरकारी शिक्षक ती पाहून म्हणायचा, "तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे कुठं एवढी मोकळीक?" कुमठ्याने हा युक्तिवाद मोडीत काढला. शिक्षक तेच, पगार तोच, पट तोच, आणि पुढाकार घेणारी व्यक्तीही खात्यातलीच. विस्तार अधिकारी शाळेत येते आणि शेरेबुकात शेरा मारून जाण्याऐवजी जमिनीवर मुलांत बसते, तेव्हा त्या शिक्षकाच्या नोकरीचाच पोत बदलतो. एका शाळेत काही अडले तर शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारायचे, त्यांच्या वर्गात जाऊन पाहायचे, ही रीत चाळीस शाळांत रुळली. सहकार्याचे नेतृत्व म्हणतात ते एवढेच असते, आणि ते जमणे दुर्मीळ असते.

मग महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला यायला लागल्या. 22 जून 2015 रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्या वेळी विनोद तावडे शिक्षणमंत्री होते आणि नंदकुमार हे शालेय शिक्षण विभागाचे प्रधान सचिव. त्या कार्यक्रमावर कुमठ्याची छाया स्पष्ट होती. प्रत्येक मूल शिकू शकते हे गृहीत धरायचे. राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात झिरपत येणारी सक्तीची प्रशिक्षणे थांबवून शिक्षक मागतील ते प्रशिक्षण द्यायचे. अधिकाऱ्याने तपासायला जाण्यापेक्षा मदतीला जायचे. खात्याच्या भाषेत हा फरक फार मोठा होता. 'शिक्षणाची वारी' या उपक्रमात शिक्षकांनी आपापले प्रयोग मांडले आणि बघायला शिक्षकच आले. व्हॉट्सॲपच्या गटांवर रात्री अकरापर्यंत भागाकार कसा शिकवावा यावर वाद रंगायचे. शिक्षक आपल्या धंद्याविषयी एकमेकांशी एवढे बोलत आहेत, हे दृश्य मी तरी त्याआधी पाहिले नव्हते. ग्रामीण मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालांतही 2014 ते 2018 या काळात महाराष्ट्राचा आलेख वर गेलेला दिसतो. त्याचे सगळे श्रेय या एका कार्यक्रमाला देता येणार नाही. पण काहीच देऊ नये असेही नाही.

तरीही हा कार्यक्रम चार-पाच वर्षांत विरळ का झाला? करोना आणि सत्ताबदल ही उत्तरे सोपी आहेत, आणि अपुरी. त्याची कारणे आधीच पेरली गेली होती.

पहिले कारण नकलेचे. कुमठ्याला जाऊन आलेल्यांनी सर्वांत आधी काय नेले, तर वर्गाच्या फरशीवरची रंगीत आखणी. वर्तुळे, चौकटी, अंकांचे साप. पुढच्या दोन वर्षांत राज्यातल्या हजारो वर्गांच्या फरशा रंगल्या आणि 'ज्ञानरचनावादी वर्ग तयार' असे अहवाल वर गेले. कुमठ्यात ती आखणी शिक्षकांनी मुलांचे शिकणे न्याहाळत, चर्चा करत, खोडून पुन्हा काढत केली होती. इतरत्र ती रंगाऱ्याने केली. फरशी रंगवायला एक रविवार पुरतो. चाळीस शाळांच्या शिक्षकांत विश्वास निर्माण व्हायला वर्षे लागतात, आणि तो फोटोत दिसत नाही.

दुसरे कारण आकड्यांचे. पायाभूत चाचण्या आल्या आणि त्यामागोमाग 'शंभर टक्के प्रगत शाळा' जाहीर करण्याची चढाओढ लागली. वरून आकडा मागितला की खालून आकडा मिळतो, हा आपल्या प्रशासनाचा जुना नियम आहे. ज्या चाचणीतून 'या मुलाला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही' हे मोकळेपणाने पुढे यायला हवे, तीच चाचणी शाळेच्या अब्रूची झाली की मोकळेपणा संपतो. मदत आणि मूल्यमापन एकाच माणसाच्या हाती, एकाच भेटीत दिले की मदत मागे पडते. शाळांना प्रगत ठरवण्याची ही घाई त्या कार्यक्रमाची सर्वांत मोठी चूक होती, असे माझे मत आहे.

तिसरे कारण बदल्यांचे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने सुरू झाल्या. त्याआधीच्या बदल्यांत वशिला आणि व्यवहार किती चालत ते सगळ्यांना माहीत होते, म्हणून न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. दुर्गम भागात वर्षानुवर्षे अडकलेल्या शिक्षकांना त्याने वाट दिली. पण एकत्र काम करून तयार झालेला चार शाळांचा संघ त्या प्रणालीला दिसत नव्हता. तिला दिसत होती ती सेवाज्येष्ठता आणि रिक्त जागा. माणसे हलली आणि त्यांच्याबरोबर कामाची घडीही गेली. व्यक्तीला न्याय देतानाच संघही टिकावा, असा बदल्यांचा नियम आपल्याला अजून सुचलेला नाही.

इतर देशांत हे कोडे कसे सोडवले गेले, हे पाहणे उपयोगी आहे. मात्र तिथूनही नुसती फरशी आणायची नाही. लंडन शहरात 2003 ते 2011 या काळात 'लंडन चॅलेंज' चालले. टिम ब्रिगहाउस हे अनुभवी शिक्षण प्रशासक त्याच्या आघाडीवर होते. चांगल्या चाललेल्या शाळेचे मुख्याध्यापक अडचणीतल्या शाळेशी जोडून दिले गेले आणि त्यांना त्या कामासाठी वेळ व पैसा दिला गेला. देशात मागे असलेल्या लंडनच्या शाळा दशकभरात सरासरीच्या पुढे गेल्या. पुढच्या संशोधकांनी त्याचे काही श्रेय आधीच सुधारलेल्या प्राथमिक शाळांना आणि शहराच्या बदललेल्या लोकवस्तीला दिले, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात 2003 नंतर सरकारने शिक्षक संघटनांशी दीर्घ मुदतीचे करार केले आणि त्याबरोबर वाचन-गणिताची मोहीम हाती घेतली. तिथले सल्लागार मायकल फुलन यांनी 2011 मध्ये सुधारणेला भलतीकडे नेणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या: शिक्षा करणारी उत्तरदायित्वाची यंत्रणा, एकेकट्या शिक्षकाच्या गुणवत्तेवर भर, तंत्रज्ञानावर भिस्त, आणि तुकड्या-तुकड्यांची धोरणे. आपली गेल्या दहा वर्षांची परिपत्रके या चार कप्प्यांत सहज वाटून टाकता येतील.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते ब्राझीलच्या ईशान्येकडील सेआरा राज्याचे उदाहरण. गरीब, कोरडा मुलूख. आपल्या मराठवाड्याला परका वाटू नये असा. तिथल्या सोब्राल या नगरपालिकेने पहिलीतल्या-दुसरीतल्या मुलांचे वाचन हा एकच विषय धरून ठेवला आणि पाहता पाहता देशातल्या उत्तम शाळांत तिच्या शाळा मोजल्या जाऊ लागल्या. 2007 पासून राज्याने हा कार्यक्रम सगळ्या नगरपालिकांत नेला. तिथली बक्षीस योजना तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. चांगला निकाल लावणाऱ्या शाळेला बक्षिसाची रक्कम एकदम मिळत नाही. एक कमकुवत शाळा तिच्याशी जोडली जाते. त्या शाळेला हात द्यायचा, तिचा निकाल सुधारायचा, मगच उरलेला हप्ता. आपल्याकडे 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेत शाळा जिंकते, बक्षीस घेते, फलक लावते. शेजारची शाळा हरते, ती हरलेलीच राहते. दोन्हीकडे सरकारचा पैसा खर्च होतो, पण सेआरात त्या पैशाने दोन शाळा एकमेकींच्या वर्गात जातात.

आता आपल्या मधल्या फळीची आजची अवस्था. 4,860 केंद्रप्रमुखांच्या पदांपैकी मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिकामा राहिला. 2023 मध्ये 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षा जाहीर झाली, म्हणजे मंजूर पदांच्या जवळपास निम्म्या जागांसाठी. आणि ती परीक्षाही लांबणीवर पडत गेली. दरम्यान कारभार प्रभारींवर. एखादा पदवीधर शिक्षक किंवा मुख्याध्यापक आपली शाळा सांभाळून दोन-दोन केंद्रे पाहतो. त्याचा दिवस कसा जातो ते केंद्रातल्या कुणालाही विचारा. सकाळी व्हॉट्सॲपवर 'अतितातडीचे' टपाल येते, दुपारपर्यंत विहित नमुन्यात माहिती द्यायची असते, पोषण आहाराची नोंद, सरल आणि यू-डायस या प्रणालींतली माहिती, आधार जुळणी, मतदार याद्या. ज्या शिक्षण परिषदेत शिकवण्यावर बोलायचे, तिथे सूचनांचे वाचन होते आणि सह्या होतात. शिक्षक तिला 'मीटिंग' म्हणतात ते उगाच नाही. या केंद्रांना आता समूह साधन केंद्र असे नवे नाव मिळाले आहे.

डाएटची गोष्टही याहून बरी नाही. अधिव्याख्यात्यांच्या जागा रिकाम्या आणि आहेत त्यांच्यामागे कार्यक्रमांची रांग. 2021 मध्ये निपुण भारत अभियान आले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, साधी आकडेमोड यावी, त्यासाठी 2026-27 ची मुदत. उद्दिष्ट अगदी योग्य. करोनानंतर 2022 च्या 'असर' पाहणीत देशभरात तिसरीतली 20.5 टक्केच मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती; 2018 मध्ये हे प्रमाण 27.3 टक्के होते. 2024 च्या पाहणीत ते पुन्हा 27.1 वर आले. म्हणजे सहा वर्षे धावून आपण निघालो तिथेच आलो. मुलांच्या पातळीनुसार गट करून शिकवा, हे 'प्रथम' या संस्थेने केव्हाच दाखवून दिले आहे. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' या संस्थेने आदिवासी मुलांच्या वाचन-लेखनावर शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे. काय करावे हे आता गुपित राहिलेले नाही. ते दर आठवड्याला वर्गात जाऊन शिक्षकाबरोबर करणारे माणूस हवे, आणि तेच आपल्याकडे कमी आहे.

पालकांचा वाटा हा या आढाव्यातला सर्वांत दुबळा भाग. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया आणल्या. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार त्यांना दिला. प्रत्यक्षात 'लोकसहभाग' या शब्दाचा अर्थ वर्गणी असा झाला. डिजिटल वर्गासाठी, रंगासाठी, कुंपणासाठी गावांनी लाखो रुपये उभे केले आणि ते कौतुकास्पदच आहे. पण आपल्या गावाची शाळा बंद व्हावी की नाही, असा प्रश्न आला तेव्हा त्याच गावाला कुणी विचारले नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळांच्या संदर्भात समूहशाळांचे, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत सामावून घेण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. मुलांना मोठ्या शाळेत सोबती मिळतात, विषयवार शिक्षक मिळतात, हा युक्तिवाद पोकळ नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता हे ओझेच आहे. पण पहिलीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि डोंगरातल्या वाडीवरून पावसाळ्यात गाडी रोज येईलच, ही हमी कुणी देत नाही. कोठारी आयोगाचे संकुल शाळांना एकमेकींशी जोडणारे होते. समूहशाळा त्या मिटवून एक करते. नावात सारखेपणा असला तरी दोन्हींच्या दिशा उलट आहेत.

सगळा हिशेब मांडला तर सरकारने करायचे काम नवे नाही आणि फार महागही नाही. केंद्रप्रमुखांची सगळी पदे भरावीत, आणि ती भरताना वर्ग चांगला घेणाऱ्यांनाच प्राधान्य द्यावे. माहिती गोळा करण्यासाठी प्रत्येक केंद्राला वेगळा लिपिक द्यावा. एकत्र काम करणाऱ्या शाळांच्या संघाला निदान पाच वर्षे बदल्यांतून सूट द्यावी. बक्षिसाचा निम्मा हप्ता शेजारच्या शाळेच्या सुधारणेशी बांधावा. आणि चाचणीचे निकाल निदान पहिली तीन वर्षे केंद्राबाहेर जाऊ देऊ नयेत.

वाचकांपैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत त्यांनी येत्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या केंद्राला पूर्ण वेळ केंद्रप्रमुख आहे का, गेल्या तीन महिन्यांत ते किती वेळ वर्गात बसले, आणि मागच्या शिक्षण परिषदेत कोणत्या पाठावर चर्चा झाली. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावीत. कायद्याने दिलेला हा अधिकार आहे; तो वापरायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.